चिलटांवर आयुष्य काढायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. बारावीपर्यंत तालुक्यालाच शिकले, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गेल्या वर्षी ड्यूक विद्यापीठाचे प्राध्यापक मोहम्मद नूर यांचा आनुवंशिकी आणि उत्क्रांतीवरचा मोफत ऑनलाइन कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. एका जातीच्या दोन जाती कशा होतात, यावर संशोधन करायचं आहे, त्यांच्यासारखं प्राध्यापक व्हायचं आहे. बाबा म्हणतात, "माशा मोजून पोट भरतं का? बी.एड. कर, नाहीतर एमपीएससीला बस." आई म्हणते, पीएच.डी. होईपर्यंत अठ्ठावीस वर्षांची होशील. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, हे आपल्याकडे होत नाही, अमेरिकेत होतं. खरंच आपल्याकडे काहीच नाही का? आणि हे काम रोजच्या रोज असतं तरी कसं?
— एक वाचक

उत्तर :

बाबांचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोडवल्याशिवाय घरात पुढचं कुणी ऐकून घेणार नाही.

सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झालीस की 42,000. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी 2023 पासूनचे. पैसे कधीकधी महिनोन् महिने अडकतात, तेव्हा गाठीला थोडं असावं लागतं. पण पीएच.डी.च्या काळात घरून पैसे मागवावे लागत नाहीत, हे बाबांना बहुधा ठाऊक नसेल. परदेशात गेलीस तरी या विषयात चांगली विद्यापीठं फी माफ करतात आणि विद्यावेतन देतात. फी भरून पीएच.डी. करावी लागत असेल तर तिथे जाऊ नये, इतकं साधं.

खरा खड्डा त्यापुढे आहे. पीएच.डी. झाल्यावर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षं संशोधन, तेही बऱ्याचदा दोन-दोन ठिकाणी, आणि मग नोकरी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत कायम प्राध्यापकांची भरती कशी चालते ते तू रोज बघतेसच. नेट-सेट झालेले, डॉक्टरेट असलेले लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं शिकवतायत. तुझ्या सरांचा निराश सूर कदाचित त्यातूनच आला असेल. बाबा घाबरले तर त्यात गैर काही नाही. फक्त बी.एड. हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. शिक्षकभरतीची रांग काही छोटी नाही. ज्या रांगेत उभं राहायची मनापासून इच्छा नाही, तिथे दोन वर्षं घालवून तुला विमा मिळणार नाही, नुसता उशीर होईल.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या पत्राचा सूर असा, "मला उत्क्रांतीवर काम करायचं आहे." उत्क्रांतीवर कुणीच काम करत नाही गं. लोक काम करतात ते एका विशिष्ट माशीवर, एका विशिष्ट प्रश्नावर. नूर यांचंच बघ. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे दोन माशा, ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा आणि ड्रोसोफिला पर्सिमिलिस. आपल्याकडे पिकल्या केळ्यावर जी चिलटं घोंघावतात त्यांच्याच गोतावळ्यातल्या, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या. दोघी दिसायला इतक्या सारख्या की सुरुवातीला त्यांना एकाच जातीचे दोन वंश समजत, 'वंश अ' आणि 'वंश ब'. संकर होतो, पण संकरातले नर वांझ निघतात.

विद्यार्थी असताना नूर यांनी विचारलेला प्रश्न असा होता. या दोन जाती जिथे शेजारी राहतात तिथल्या स्यूडोऑब्स्क्युराच्या माद्या नर निवडताना जास्त काटेकोर असतात का? आणि जिथे पर्सिमिलिस कधी दिसतच नाही, तिथल्या माद्या तेवढ्या चोखंदळ नसतात का? 1995 साली त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. शेजारच्या माद्या खरोखरच जास्त नकार देतात. वांझ मुलगे होणार असतील तर चुकीच्या नराला दूर ठेवणारी मादी फायद्यात राहते, म्हणजे निवड स्वतःच दोन जातींमधली भिंत उंच करत जाते. ही कल्पना जुनी होती, पण पुष्कळांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. एका तरुण मुलाने माशांची लग्नं लावून (किंवा मोडून म्हण) ती पुन्हा चर्चेत आणली.

पुढे 2001 मध्ये त्याच माशांवर दुसरी गोष्ट दिसली. गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा जोडला जातो. तुम्ही प्रॅक्टिकलला कायरोनोमस या डासासारख्या कीटकाच्या अळीच्या लाळग्रंथी काढून पट्ट्यापट्ट्यांची पॉलिटीन गुणसूत्रं बघता ना, असल्या उलट्या तुकड्यांचा अभ्यास तशाच गुणसूत्रांवर 1930 च्या दशकात सुरू झाला. संकरित मादीत अशा उलट्या तुकड्याच्या जागी दोन गुणसूत्रांची अदलाबदल नीट होत नाही. त्यामुळे दोन जातींमध्ये बाकीची जनुकं इकडून तिकडे झिरपत राहिली तरी उलट्या तुकड्यातली जनुकं एकत्र अडकून राहतात. नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की संकराचं वांझपण आणि मादीची आवडनिवड यांच्याशी जोडलेली जनुकं मुख्यतः याच उलट्या तुकड्यांत आहेत. दोन जाती भेटत राहूनही विरघळून एक का होत नाहीत, याचं हे एक उत्तर.

करिअर म्हणून बघितलंस तर शिकागोत 1996 ला पीएच.डी., मग कॉर्नेलला पोस्टडॉक, मग लुईझियानात नोकरी, 2005 पासून ड्यूक. तीस वर्षं जवळजवळ त्याच माशा. 2018 साली त्यांनी 'स्टार ट्रेक'च्या उदाहरणांतून उत्क्रांती शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि तुझ्यासारख्या हजारोंना ऑनलाइन शिकवलं, पण तो वरचा मजला. तुला कोर्समध्ये दिसला तो वरचा मजला आहे, खालचा दिसला नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

त्या खालच्या मजल्यावरचं रोजचं काम कसं असतं? ज्या माद्यांचा संकर करायचा त्या आधी कुठल्याही नराला भेटलेल्या चालत नाहीत. कोशातून बाहेर आल्यावर पहिले आठेक तास मादी नराला दाद देत नाही, तेवढ्या वेळात तिला वेगळी काढायची. म्हणून फ्लायलॅबमधली, म्हणजे माशांच्या प्रयोगशाळेतली, मुलं पहाटे येतात, संध्याकाळी येतात, रात्री पुन्हा चक्कर मारतात. कार्बन डायऑक्साइडने माशा बेशुद्ध करायच्या, सूक्ष्मदर्शीखाली ब्रशने नर एकीकडे, माद्या एकीकडे, बाटलीवर तारीख. माशांना खायला शिजवायचं. बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत ते केळं आणि गूळ घालून शिजवतात, वास कपड्यांना बसतो. दिवाळी असो की बहिणीचं लग्न, 25 अंश तापमानाला दहा दिवसांत पुढची पिढी तयार असते. कोळीकिड्यांनी बाटल्या धरल्या तर सहा महिन्यांचं काम एका आठवड्यात जातं.

हे वाचून कंटाळा आला का? आला असेल तर हे काम तुझं नाही, आणि उत्क्रांती आवडणं वेगळं, हे कळल्याचं समाधान मान. विज्ञानलेखन आहे, शिकवणं आहे, संग्रहालयं आहेत. पण "दहा दिवसांत पिढी" हे वाचून हात शिवशिवले असतील तर पुढे वाच.

या विषयात उत्तर यायला किती वेळ लागतो, त्याची एक हकिकत सांगते. साधं घरगुती चिलट, ड्रोसोफिला मेलानोगास्टर, आणि तिची जुळी वाटावी अशी सिम्युलन्स. अमेरिकी संशोधक अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1920 च्या सुमारास दोघींचा संकर करून बघितला. मेलानोगास्टरची मादी आणि सिम्युलन्सचा नर घेतला तर मुली जगतात, पण वांझ. मुलगे अळीच्या अवस्थेतच मरतात. का?

ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 मध्ये याची सर्वसाधारण नियमात मांडणी केली. संकरात एकच लिंग बाद होत असेल तर ज्याची लिंगगुणसूत्रं दोन वेगवेगळी असतात तेच होतं. माशांत आणि सस्तन प्राण्यांत नर, पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. (हे हॉल्डेन 1957 साली भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. "हे आपल्याकडे होत नाही" म्हणणाऱ्या तुझ्या सरांना हे जरूर सांग.) पण नियम म्हणजे कारण नव्हे. कारणाचा सांगाडा डोब्झान्स्की आणि म्युलर या आनुवंशिकीतज्ज्ञांनी मांडला. एका पूर्वजाच्या दोन शाखा झाल्या. एकीत एक जनुक बदलला, दुसरीत दुसराच. आपापल्या घरी दोन्ही बदल निरुपद्रवी, कारण त्या दोन बदललेल्या जनुकांची गाठ कधी पडलीच नव्हती. ती पहिल्यांदा पडते संकरात, आणि तिथे त्यांचं जमत नाही. कुणाचंही नुकसान न होता दोन जाती वेगळ्या होऊ शकतात, हे यातलं सौंदर्य. चार्ल्स डार्विनला हा तिढा नीट सुटला नव्हता.

मग प्रत्यक्ष ती जनुकं कुठली? त्या मेलेल्या मुलग्यांच्या प्रकरणात एक सापडला एचएमआर, 2006 साली दुसरा, एलएचआर. पण दोघं मिळूनही हिशेब पुरा होईना. तिसरा आरोपी, जीएफझेडएफ, 2015 साली उघडकीला आला. सिम्युलन्सच्या नरांमध्ये मुद्दाम उत्परिवर्तनं घडवायची, मेलानोगास्टरच्या माद्यांशी संकर करायचा, आणि जो मुलगा मरायला हवा होता पण चुकून जगला, त्याला पकडून त्याच्या जनुकांत नेमकं काय बिघडलंय ते वाचायचं. ढिगाने मुली तपासल्या तेव्हा असे मोजकेच मुलगे हाती लागले. पहिल्या संकरापासून जवळजवळ शंभर वर्षं. हे काम करणाऱ्या गटाचे मुख्य लेखक नितीन फडणीस, आणि आडनाव वाचून मराठी वाचक थबकतोच. ते युटा विद्यापीठात असतात. त्याआधी 2009 मध्ये त्यांनी ॲलन ऑर यांच्याबरोबर स्यूडोऑब्स्क्युराच्याच दोन दूरच्या वस्त्यांमध्ये, अमेरिकेतल्या आणि कोलंबियातल्या बोगोटाच्या, संकरित नराला वांझ करणारा 'ओव्हरड्राइव्ह' नावाचा जनुक शोधला होता. त्यांच्या पोस्टडॉकच्या काळातले मार्गदर्शक हरमीत मलिक आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर. म्हणजे जीवशास्त्राची पदवी नसली तरी या वाटेने जाता येतं. तुझ्याकडे तर ती आहे.

या क्षेत्रात गुरू कोण, याला फार महत्त्व आहे, आपल्याकडच्या गाण्यातल्या घराण्यासारखं. डोब्झान्स्की 1927 साली रशियातून न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या माशांच्या प्रयोगशाळेत फेलोशिपवर आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांचे शिष्य रिचर्ड लेवॉन्टिन. लेवॉन्टिन यांचे शिष्य जेरी कॉयन. कॉयन यांचे शिष्य ऑर आणि नूर. ऑर यांचे फडणीस. कॉयन आधी थेट डोब्झान्स्कींकडेच शिकायला गेले होते, पण व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या सक्तीच्या लष्करभरतीमुळे शिक्षण मध्येच तुटलं. नंतर हार्वर्डला लेवॉन्टिन यांच्याकडे 1978 ला पीएच.डी. झाली. 1989 साली कॉयन आणि ऑर यांनी माशांच्या 119 जोड्यांची, दुसऱ्यांनीच वर्षानुवर्षं जमवलेली माहिती एकत्र मांडली आणि जनुकीय अंतर वाढतं तसा संकराचा अडथळा वाढत जातो हे दाखवलं. नवा प्रयोग न करताही केवढं काम होतं, बघ. महागडी यंत्रं नसलेल्या कॉलेजातल्या मुलीने हा निबंध मुद्दाम वाचावा. लिनिअन सोसायटी पन्नास वर्षांतून एकदा देत असे ते डार्विन-वॉलेस पदक 2008 च्या यादीत ऑर आणि नूर या दोघांनाही मिळालं.

घराण्याचा मुद्दा मी काढला तो तुला दिपवायला नाही. गुरू निवडताना विद्यापीठाचं नाव शेवटी बघायचं, आधी बघायचं की या माणसाचे विद्यार्थी पुढे कुठे गेले, किती जणांनी मध्येच सोडलं, निबंधावर पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं की नाही. जुन्या विद्यार्थ्यांना सरळ फोन करावा. वाईट गाईडच्या हाताखालची पाच वर्षं कुठल्याही परीक्षेतल्या नापाशीपेक्षा महाग पडतात.

आता, आपल्याकडे काय? बरंच काही. बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह यांच्या गटाने भारतीय माशांच्या जातींवर, त्यांच्या संकरांवर, आवडीनिवडीवर दीर्घकाळ काम केलं. म्हैसूर विद्यापीठात तर नसुटा आणि अल्बोमिकन्स या दोन भावंड-माशांचा संकर पिढ्यान् पिढ्या वाढवून प्रयोगशाळेतच नवे, वेगळ्या गुणसूत्रसंख्येचे वंश तयार झाले. एकीची आठ गुणसूत्रं, दुसरीची सहा, आणि मधले सगळे खेळ. जेएनसीएएसआरमध्ये अमिताभ जोशी, मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत एन. जी. प्रसाद, आणि तुझ्यापासून एका एसटीच्या अंतरावर पुण्याच्या आयसरमध्ये सुतीर्थ डे. ही मंडळी उत्क्रांती प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडवून बघतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेतले कृष्णमेघ कुंटे फुलपाखरांवर काम करतात. लिंबाच्या झाडावर येणाऱ्या कॉमन मॉर्मनच्या माद्या दुसऱ्या, विषारी फुलपाखराचं सोंग घेतात, ते एका 'डबलसेक्स' नावाच्या जनुकाच्या जोरावर, हे 2014 साली 'नेचर'मध्ये दाखवणाऱ्यांत ते होते.

आणि माशाच हव्यात असं कुठे आहे? तुझ्या जिल्ह्याच्या पश्चिमेला चांदोलीचा घाट आहे. सह्याद्रीत जाती कशा फुटतात हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. दक्षिणेकडच्या शोला जंगलांत डोंगरमाथ्यावर राहणारे पक्षी पालघाट खिंडीच्या अल्याड-पल्याड वेगळे झाले. त्यांच्या जनुकांचा अभ्यास करून 2017 साली शोलिकोला आणि माँटेसिंक्ला अशा दोन नव्या प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) मांडल्या गेल्या. आपल्या सड्यांवरच्या पाली, बेडूक, गोमी यांच्यावरही असं काम चालू आहे. फक्त एक लक्षात घे, नवी जात शोधून तिचं वर्णन करणं आणि ती कशी झाली हे शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात बातमी लवकर येते. तुला दुसरं करायचं असेल तर संकर, जनुकं आणि संख्याशास्त्र टाळता येणार नाही.

संख्याशास्त्र म्हटल्यावर तू दचकली असशील, प्राणिशास्त्राच्या मुली दचकतात. या विषयात ते हॉल्डेनपासून आहे, सुटका नाही. या वर्षी 'आर' ही मोफत संगणकभाषा शीक. इंग्रजीची भीती तू पत्रात लिहिली नाहीस, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम असा उल्लेख केलास, म्हणजे ती आहे. शोधनिबंधांचं इंग्रजी ठरावीक शब्दांचं असतं. वीसेक निबंध नेटाने वाचलेस की भाषेचा अडसर बराच सरतो, पुढे अडतो तो विषय, आणि तो इंग्रजी माध्यमवाल्यांनाही तितकाच अडतो.

यंदा करायचं ते असं. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दे, त्यातून आयआयएससी, जेएनसीएएसआरसारख्या ठिकाणी एकत्रित पीएच.डी.ची दारं उघडतात. एनसीबीएससाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेशपरीक्षा आहे. उन्हाळ्यासाठी विज्ञान अकादम्यांची आणि जेएनसीएएसआरची फेलोशिप बघ. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, संकेतस्थळावर स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या माहितीवर जाऊ नकोस. काहीच नाही मिळालं तर एखाद्या फ्लायलॅबला सरळ लिही की दोन महिने माशांचं अन्न शिजवायलाही येते. ते दोन महिने तुझा निर्णय करतील, माझं पत्र नाही. बाबांशी तेवढाच करार कर, एक उन्हाळा आणि एक परीक्षा. जन्माचा निर्णय त्यांच्याकडून आज मागू नकोस, तू तरी कुठे आज घेऊ शकतेस?

आईचा हिशेब बरोबर आहे, अठ्ठावीस होतीलच, पोस्टडॉक धरलं तर बत्तीसही. पण एमपीएससीच्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलींची वयं आईने कधी विचारलीत का? लग्नाबद्दल सविस्तर हवं असेल तर वेगळं पत्र लिही, आणि ते आईलाच लिहू दे.

प्रयोगशाळांना मेल करताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" अशी सुरुवात करू नकोस. असे मेल त्यांना रोज येतात. त्यांचा एक निबंध वाचून त्यातलं एक वाक्य जे कळलं नाही, ते विचार. पाच ओळी पुरे. आठवड्याने उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, मग पुढच्या नावाकडे वळ. बायोडाटा पीडीएफमध्ये, एका पानाचा. त्यात नूर यांचा कोर्स लिही, पण त्याखाली पॉलिटीन गुणसूत्रांचं प्रॅक्टिकल किती वेळा जमलं आणि किती वेळा फसलं हेही लिही.